तिसऱ्या बाजाराची सुई

मी चौथीत असताना माझा उजवा गुडघा सुजला. चार दिवसांनी तो उतरला तर डावा घोटा धरला, मग मनगट. दुखणं एका सांध्यातून उठायचं आणि दुसऱ्यात जाऊन बसायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अंग वाढून राह्यलं पोरीचं, दुखनारच." आईने एरंडाची पानं गरम करून बांधली. बाबांना मात्र वेगळीच शंका आली. आंध्राच्या हद्दीतल्या आमच्या गावात ते मराठी शाळेत मास्तर होते आणि मी त्यांच्याच वर्गात होते. त्यांना वाटलं, मी पाढे चुकवायला लंगडते आहे. त्यांनी मला फळ्यापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. मी तीन पावलं टाकली आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून तलमडुगू या बाजाराच्या गावापर्यंत नेलं आणि तिथून बसने आदिलाबादला नेलं.

तिथल्या एका दवाखान्यात पांढऱ्या केसांचे डॉक्टर होते. माझ्या छातीला नळी लावून ते डोळे मिटून इतका वेळ ऐकत राहिले, की मला वाटलं त्यांना झोप लागली. मग त्यांनी विचारलं, "बेटी, गला दुखा था क्या?"

दुखला होता. महिन्याभरापूर्वी. आईने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या होत्या आणि तो बरा झाला म्हणून सगळे विसरलेही होते. डॉक्टरांनी बाबांना समजावून सांगितलं, की त्या घशाच्या दुखण्यानेच सांधे धरलेत आणि हृदयाच्या झडपेलाही थोडी झळ लागली आहे. सांधे बरे होतील. पण घसा पुन्हा तसा धरला तर झडप आणखी बिघडेल. तसं होऊ नये म्हणून पेनिसिलिनची सुई घ्यायची.

"इक्कीस दिन में एक बार," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी विचारलं, "कितने महिने?"

"महिने नहीं, मास्टरजी. इक्कीस साल की होने तक."

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बसमध्ये बाबांनी मला खिडकीजवळ बसवलं. माझं सुजलेलं मनगट त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं, अंडं धरावं तसं. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "तेराचा पाढा नाई आला तरी चालते." बाबांच्या तोंडून माफी मी एवढीच ऐकली आणि मला ती भरपूर वाटली.

ही सुई ज्यांना लागली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. औषध बाटलीत पिठासारखं असतं. त्यात पाणी घालून हलवलं, की दुधासारखं पांढरं आणि दाट होतं. दाट म्हणून सुई जाड. आधी मनगटाजवळ एक छोटी सुई टोचून अर्धा तास थांबवायचे, औषध अंगाला सोसतं का ते बघायला. मग कमरेच्या खाली ती मोठी. दुसऱ्या वेळी औषध सुईतच अडकलं आणि नवी सुई लावून पुन्हा टोचावं लागलं. घरी येईपर्यंत माझा पाय दगडाचा झाला होता.

तिसऱ्या वेळी मी पळाले. वेचणीचे दिवस होते. शेजारच्या काकांनी एक अख्खी खोली कापसाने भरून ठेवली होती. सकाळी बाबा सायकल पुसत होते तेवढ्यात मी मागच्या दाराने त्या खोलीत शिरले आणि कापसात आत आत सरकत गेले. कापूस आतून ऊबदार असतो आणि त्यात बाहेरचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटतो. मला कोणीतरी हाका मारतंय एवढं कळत होतं. मग कळेनासं झालं, कारण मी झोपून गेले.

सगळं गाव मला शोधत होतं. विहिरीत बघून झालं. वेशीपर्यंत माणसं गेली. शेवटी काकू कापसाच्या खोलीत कशाला तरी आल्या, आणि मी शिंकले. काकू किंचाळत बाहेर धावल्या, "ढिगात जनावर हाय." काठ्या घेऊन चार माणसं आत आली तेव्हा मी उभी राहिले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, पापण्यांवरसुद्धा कापूस. आई दारात होती. तिचा चेहरा रडून लाल झाला होता. मला वाटलं, आता मार बसणार. पण माझ्याकडे बघता बघता तिला हसू फुटलं आणि ते थांबेचना. ती उंबऱ्यावर बसूनच हसायला लागली. मग काकू हसल्या, काठ्या घेतलेले बाप्ये हसले.

बस तर गेलीच होती. संध्याकाळी आई बाबांना म्हणाली, "तिले दर बारी आदिलाबादले काऊन न्यायचं? तलमडुगूचा दवाखाना हाय ना. चालत जाऊ आमी दोघी."

बाबा म्हणाले, "तिथं देतीन का ही सुई?"

"विचारल्याबिगर कसं समजन?"

दुसऱ्याच दिवशी बाबांनी आदिलाबादच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तलमडुगूच्या दवाखान्यात विचारलं. तिथले डॉक्टर हो म्हणाले. अशा रीतीने सिस्टरम्मा माझ्या आयुष्यात आल्या. त्या तिथल्या नर्स. मंचेरियलच्या, वडील कोळशाच्या खाणीत कामाला. उंच, रुंद हाडाच्या, वेणीत नेहमी कसलंतरी फूल. तेलुगू त्यांची भाषा. आमच्याशी त्या हिंदी बोलायच्या, त्यात मराठीचे जे शब्द हाती लागतील ते घालायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि आईला म्हणाल्या, "इतना मोटा सुई, इतना छोटा बच्चा. मेरेकु भी डर है."

मला ते वाक्य अजून आठवतं. तोवर मोठी माणसं मला सांगत आली होती, की काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. सुई टोचणाऱ्या बाईलाच भीती वाटते हे ऐकून माझी निम्मी भीती गेली. मी त्यांना म्हणाले, "हळू द्या, मग नाई दुखनार." मीच त्यांची समजूत काढत होते.

त्यांनी औषधाची बाटली माझ्या मुठीत दिली. "गरम कर. तेरा हात का गर्मी से दवा नरम होता." मी दोन्ही हातांनी बाटली धरून बसले. आईने वरून स्वतःचे हात ठेवले. मग त्यांनी मला पालथं झोपवलं आणि पायांचे अंगठे एकमेकांकडे वळवायला सांगितले, म्हणजे कंबर ढिली पडते. जिथे टोचायचं तिथे अंगठ्याने जोरात दाबून ठेवलं आणि म्हणाल्या, "अब गिनती. मैं तेलुगू में, तू मराठी में. पदि तक." पदि म्हणजे दहा.

"ओकटी."

"एक."

"रेंडू."

"दोन."

सुई कितव्या आकड्याला टोचणार हे त्या सांगायच्या नाहीत. त्या दिवशी सातला टोचली. दुखलं, दुखलं नाही असं कसं म्हणू. पण माझा आठ म्हणायचा राहिला तर हरेन या घाईत मी "आठ" ओरडले, आणि दहा झाले तेव्हा सुई बाहेर होती. "अयिपोयिंदी," सिस्टरम्मा म्हणाल्या. झालं. हा माझा पहिला तेलुगू शब्द, आणि त्या भाषेतला आजही सगळ्यात लाडका.

माझी भाची हैदराबादला औषधशास्त्र शिकते. मागच्या सुट्टीत आली तेव्हा सांगत होती, की आता लहान मुलांसाठी औषधाच्या पट्ट्या करून बघताहेत. नखाएवढी पट्टी, तिच्यावर डोळ्याला दिसणार नाहीत अशा बारीक सुया. टिकलीसारखी दंडावर दाबायची. सुया वरच्या कातडीतच राहतात, काही तर आत विरघळून जातात, मुलाला कळतही नाही. मी विचारलं, "माझं ते दुधासारखं औषध जाईल का त्यातून?" ती म्हणाली, "एवढं मोठं औषध एवढ्याशा पट्टीतून जायला वेळ आहे, मावशी. पण शोध चालू आहे." मी तिला तो कापसाचा किस्सा सांगितला. तिने विचारलं, तेव्हा पट्टी असती तर घेतली असतीस का? मी म्हटलं, एका पायावर घेतली असती. दुखणं अंगाला लागल्याने माणूस मोठा होतो वगैरे मला काही पटत नाही. पण त्या सुईच्या निमित्ताने जे जे मिळालं ते पट्टीने मिळालं नसतं, हेही खरं.

मिळालं ते असं. सिस्टरम्मांनी माझी सुई तलमडुगूच्या बाजाराच्या दिवसाला बांधून दिली. एकवीस दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणून वार कधी बदलत नाही. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दोन बाजार सोडून तिसरा, एवढं तिला पुरेसं होतं. त्या दिवशी ती कामाला जायची नाही. आमच्या घरात हे पूर्वी कधी झालं नव्हतं. आजोबा-आजी दुसऱ्यांच्या शेतात राबले, आईही माहेरी तेच करून आली. बाबांना नोकरी लागल्यावरही तिचं निंदण आणि वेचणी सुटली नव्हती. ती आजारी पडली तरी तिला सुट्टी नसायची. माझ्या आजारपणाने तिला दर तीन आठवड्यांनी एक अख्खा दिवस मिळाला.

ती सकाळीच डोक्यावरून पाणी घ्यायची, हिरवं लुगडं नेसायची. तासभराची वाट. दोन्ही बाजूंनी कापूस, मधे ज्वारीचे तुकडे. हुरड्याच्या दिवसांत कोणीतरी हाक मारून कणसं द्यायचं. त्या वाटेवर आई माझ्याशी जेवढी बोलली तेवढी घरी कधी बोलली नाही. लहानपणी ती झाडावर चढण्यात पटाईत होती आणि लग्नात तिला बाबांचा चेहरा आवडला नव्हता, त्यांचा आवाज आवडला होता, हे मला त्या वाटेवर कळलं.

सुई झाली की आम्ही बाजारात. मी एका बाजूला झुकून चालायची, आई माझ्या चालीला चाल जुळवून झुकायची, आणि बघणाऱ्याला वाटायचं दोघीही लंगड्या आहेत. बसथांब्याजवळ एक बाई मिरचीची भजी तळायची. आम्ही उभ्यानेच खायचो, कारण मला बसता यायचं नाही.

आई आणि सिस्टरम्मांचं सूत कसं जमलं ते मला शेवटपर्यंत उलगडलं नाही. आई पदरात बांधून अंबाडीची भाजी आणि भाकरी न्यायची, सिस्टरम्मा डब्यातून चिंचेचा भात आणायच्या. दवाखान्यातली गर्दी ओसरली की दोघी मागच्या पायरीवर बसायच्या. आई मराठीत बोलायची, त्या तेलुगूत. हिंदीसुद्धा सोडून द्यायच्या. एकदा मी आईला विचारलं, "तुले समजते का त्या काय म्हणतात ते?" आई म्हणाली, "सासूबद्दल सांगून राह्यली होती. त्याले काय समजायचं?"

पुढच्या वर्षी, मी पाचवीत असताना, सिस्टरम्मा आमच्या शाळेत आल्या. धनुर्वाताच्या सुया द्यायच्या होत्या. बरोबर बर्फाची पेटी आणि रॉकेलचा स्टोव्ह. त्या काळी काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया उकळून घेत. व्हरांड्यात स्टोव्ह पेटला, भांड्यात सुया खदखदायला लागल्या, आणि तो आवाज वर्गात पोचताच पोरं उठली. दारात बाबा उभे होते, म्हणून खिडकीतून. पाच मिनिटांत वर्ग अर्धा झाला. शाळेमागच्या कापसाच्या पऱ्हाटीत डोकी हलताना दिसत होती. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा, जो मला रोज लंगडी म्हणायचा, तो कडुनिंबावर जाऊन बसला होता.

बाबा झाडाखाली जाऊन रागावले. मग गोड बोलले. तो आणखी वरच्या फांदीवर गेला.

सिस्टरम्मांनी मला बोलावलं. "रा अम्मा. तू बोल उसकु."

मी झाडाखाली गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी म्हणाले, "दुखते."

तो वरून म्हणाला, "पाहा मास्तर, तुमची पोरगीच म्हनते."

"पन लई थोडं दुखते. मले दर तिसऱ्या बाजारी याच्याहून जाड सुई देतात."

"खोटं."

"आईले विचार. तू लंगडी काऊन म्हनतं मले? त्याच सुईनं तर लंगडते मी."

पानांमधून त्याचं तोंड बाहेर आलं. मग त्याने विचारलं, "तू रडत नाई?"

"आकडे मोजते. तू पन मोज. मी मोजते तुयासंगं."

तो उतरला. हळूहळू, प्रत्येक फांदीवर थांबत. व्हरांड्यात आल्यावर त्याने माझा हात धरला आणि इतका आवळला, की माझी बोटं पांढरी झाली. सिस्टरम्मांनी त्याच्या दंडावर अंगठा दाबला. "ओकटी," त्या म्हणाल्या. "एक," मी म्हणाले. तोही डोळे मिटून पुटपुटला. "रेंडू." "दोन." चारला सुई गेली आणि बाहेरही आली, आणि तो पाच, सहा म्हणत राहिला, कारण झालं हे त्याला कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा त्याने दंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पऱ्हाटीकडे तोंड करून ओरडला, "या रे सारे, काई नाई."

पोरं आली. प्रत्येकाला आकडे मोजायचे होते, आणि मराठी आकड्यांत मजा नव्हती, सगळ्यांना सिस्टरम्मांचे हवे होते. आधी दोघं-तिघं म्हणत होते, मग अख्खा व्हरांडा म्हणायला लागला. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू. ज्यांना टोचून झालं होतं तेही रांगेच्या कडेने उभे राहून ओरडत होते. पलीकडच्या वर्गातून तेलुगूचे सर धावत बाहेर आले. आठवड्यातून दोनदा येऊन ते आम्हाला तेच आकडे शिकवत होते आणि आमच्यातला एकही चारच्या पुढे जात नव्हता. ते व्हरांड्याच्या खांबाला टेकून ऐकत उभे राहिले. शेवटच्या मुलीच्या वेळी तेही मोजायला लागले.

त्या दिवसापासून त्या मुलाने मला लंगडी म्हटलं नाही. सुईच्या दुसऱ्या दिवशी माझं दप्तर तो उचलायचा. कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

मी नववीत गेले त्या वर्षी सिस्टरम्मांची बदली मंचेरियलला झाली. त्यांना घरी जायला मिळतंय म्हणून त्या खूश होत्या आणि आमच्यासमोर तसं दाखवायला लाजत होत्या. आईनेच सांगितलं, "माहेरी जाऊन राह्यली तं हासत जा." आईने त्यांना स्वतःच्या हाताने शिवलेली गोधडी दिली. त्यांच्या जागी आलेली नर्स जेमतेम वीस-बावीस वर्षांची. पहिल्या दिवशी तिने चिठ्ठी दोनदा वाचली. मीच बाटली मुठीत धरली, अंगठे आत वळवले, कुठे दाबायचं ते दाखवलं आणि म्हटलं, "ताई, मोजा."

वर्षं गेली. दहावी झाली, आदिलाबादला शिक्षिका व्हायचं शिक्षण घेतलं, तेव्हा सुई तिथे घ्यायची. आई बसने यायचीच. घसा पुन्हा कधी तसा धरला नाही. मी एकवीस पूर्ण केली तेव्हा ते पांढऱ्या केसांचे डॉक्टर निवृत्त झाले होते. नव्या डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, एक तपासणी करून घेतली, जुने कागद चाळले आणि म्हणाल्या, "झडपेचा आता फार बारीक आवाज उरलाय. सुई बंद करू या."

आईने मला दोनदा विचारलं, त्या नक्की काय म्हणाल्या. मग ती बाकावर बसली आणि थोडी रडली. डोळे पुसून म्हणाली, "सिस्टरम्माले सांगा लागते."

"पत्र लिहिते," मी म्हणाले.

"पत्रात कसं सांगशील? जाऊ आपन."

आई तोवर आदिलाबादच्या पुढे कधी गेली नव्हती. थंडीत एक दिवस आम्ही मंचेरियलची बस धरली. उटनूरच्या पुढे सागाचं जंगल लागलं. आई खिडकीजवळ बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, वळणांनी मळमळतंय म्हणून ती काही पुटपुटते आहे. विचारलं तर म्हणाली, "काई नाई," आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

मंचेरियलला स्टेशनच्या बाजूने चालत जाताना कोळशाच्या वाघिणींची लांबच लांब गाडी जात होती. ती संपेपर्यंत आई फाटकापाशी उभी राहिली. सिस्टरम्मांचं घर विचारत विचारत सापडलं. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे व्हायला लागले होते. मी म्हटलं, "बंद झाली सुई." त्यांनी मला जवळ ओढलं आणि छातीला कान लावला, नळी नसताना, जणू त्यांना तसंच ऐकू येणार होतं.

आत खाटेवर त्यांची म्हातारी आई बसली होती. तिने तेलुगूत विचारलं, ही कोण माणसं. सिस्टरम्मा उत्तर देणार तेवढ्यात माझी आई पुढे झाली. एवढ्या वर्षांत मी तिला तेलुगूचं एक वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. पदर सारखा करून ती सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "नेनु मी अम्मायि स्नेहितुरालिनी." मी तुमच्या मुलीची मैत्रीण आहे.

म्हातारीने तिच्याकडे नीट बघितलं, पाय आवरून घेतले आणि खाटेवर हात थोपटून तिला बसायला जागा करून दिली.